आढं वाकलंय? जॅक लावण्याआधीची तयारी

आढं, म्हणजे छताच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, उचलायचा जॅक सगळ्यात शेवटी आणा. आधी लागते ती बारीक दोरी. आढ्याच्या दोन्ही टोकांना खिळे मारून ती ताणून बांधा आणि आढं दोरीच्या किती खाली गेलंय ते मधोमध मोजून, तारखेसह, खडूने लाकडावरच लिहा. हा आकडा पुढे रोज लागणार आहे.

मग ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं, दोरीला बांधलेलं वजन) घेऊन भिंतींकडे वळा, कारण दुखणं बहुतेकदा तिथे असतं. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरत्या वाशांची खालची टोकं भिंतींना सतत बाहेर रेटत असतात. दोन्ही बाजू बांधून ठेवणारी आडवी तुळई सुटली, कुणी माळ्यावर जागा करायला कापली किंवा मुळात घातलीच नव्हती, तर भिंती फाकतात आणि आढं खाली बसतं. अशा वेळी भिंती आत ओढायला चेनपुली आणि त्या तिथेच धरून ठेवायला नवी आडवी लाकडं, दोन्हीची सोय आधी करा. भिंतीचा कल स्पष्ट दिसत असेल किंवा छत कैचीचं (त्रिकोणी जोडलेल्या लाकडांच्या सांगाड्याचं) असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. कैचीतलं एकही लाकूड स्वतःच्या मनाने कापायचं नाही.

टोच्या आणि टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. वासा भिंतीवर टेकतो तिथे टोच्या सहज आत गेला, तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. गळती असेल तर ती आधी थांबवा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की नवं लाकूडही कुजण्याचा धोका असतो. हलकं आच्छादन काढून जड कौलं घातली होती का, माळ्यावर पाण्याची टाकी आली का, हेही घरात विचारा.

नवं लाकूड वाळलेलं आणि सरळ हवं. जुन्या वाशाला जोड द्यायचा तो भिंतीपासून आढ्यापर्यंत अखंड, बोल्ट आणि मोठे वॉशर लावून. मधेच ठोकलेला तुकडा मला तरी समजूत घालण्यासारखा वाटतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून लाकूड उभं बसवायचं.

टेकू कुठे उभा राहणार? त्याचा भार खाली जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. वरच्या मजल्यावर टेकू लावलात, तर त्याच्या बरोब्बर खाली दुसरा हवा, आणि पायाशी जाड फळ्यांचा थर. स्क्रू जॅक मिळाला तर उत्तम. हायड्रॉलिक जॅक दाब सोडू शकतो, तेव्हा दर वेळी उचलून झाल्यावर शेजारी पक्का टेकू देऊन पाचर ठोका.

उचलायचं दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. करकर वाढली किंवा गिलाव्याला नवी भेग दिसली, की थांबा. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड पूर्ण सरळ होत नाही. ताकदीने सरळ करू गेलात तर सांधे उखडतात. निम्मा बाक गेला तरी पुरेसा समजून जोड पक्के करा.

वारा-पावसाचे दिवस टाळा, छताला लागून गेलेल्या वायरी आणि पाइप सैल करा, हेल्मेट घाला. जोड आणि आडवी बांधणी पूर्ण झाली की टेकू काढायचे तेही एकदम नाही; थोडे सैल करून पुन्हा दोरी ताणा आणि खडूच्या आकड्याशी ताडून पाहा.