इकोमध्ये हृदयात गाठ दिसली, तर पुढे काय करावे

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात हृदयात ‘मास’ म्हणजे गाठ असल्याचे वाचल्यावर घरातील सर्वांच्या मनात कर्करोगच येतो. मात्र ती रक्ताची गुठळी, झडपेवर जमलेला जंतुसंसर्ग किंवा साधे अर्बुदही (ट्यूमर) असू शकते. हृदयातच उगम पावलेली अर्बुदे अतिशय दुर्मिळ असून त्यांपैकी बहुतेक कर्करोगाची नसतात.

गाठ कोणत्या कप्प्यात आहे, कशाला चिकटली आहे आणि हलते का, हे हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर डाव्या जवनिकेतील (खालच्या कप्प्यातील) गुठळीची शक्यता अधिक असते. अशा वेळी रक्त पातळ करणारे औषध देऊन साधारण तीन महिन्यांनी इको पुन्हा करतात. हे औषध मनाने थांबवू नये.

प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारे अर्बुद म्हणजे मिक्सोमा. ते बहुधा डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात), दोन्ही कर्णिकांमधल्या पडद्याला देठाने चिकटलेले असते. झडपेची वाट अडल्यास धाप लागते, चक्कर येते. तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. आणि काहींना केवळ बारीक ताप, वजन घटणे व रक्ततपासणीत वाढलेला ईएसआर (शरीरातील दाहाची खूण) एवढेच असते. मुंबईत अशा तापाला प्रथम क्षयरोग समजले जाणे आणि धापेला संधिवाताने आकसलेली झडप समजले जाणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तरुण माणसाला पक्षाघात झाला किंवा ताप उपचारांना दाद देत नसेल, तर इको करण्याचा आग्रह धरावा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तत्काळ १०८ ला फोन करावा.

केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहेत. तिथे जाताना अहवालाच्या कागदासोबत इकोची चित्रफीतही न्यावी. अन्ननलिकेतून केलेला इको किंवा हृदयाचा एमआरआय यांवरून गुठळी आणि अर्बुद यांतला फरक बराच स्पष्ट होतो. मिक्सोमाचे निदान पक्के झाल्यावर शस्त्रक्रिया लांबवू नये, कारण तुकडा केव्हा सुटेल हे सांगता येत नाही. देठाच्या मुळाशी असलेला पडद्याचा भागही काढल्यास पुढील आयुष्य बहुधा निरोगी जाते. थोड्या रुग्णांत, विशेषतः अनेक अवयवांत गाठी होणाऱ्या आनुवंशिक कार्नी विकारात, गाठ पुन्हा होते. अशा घरातील भावंडांची व मुलांचीही इको तपासणी करावी.

लहान मुलांतील रॅब्डोमायोमा हा हृदयस्नायूचा साधा ट्यूमर बहुतांशी आपोआप आक्रसतो. अशा मुलांची ट्यूबरस स्क्लेरोसिस या, अनेक अवयवांत गाठी होणाऱ्या आनुवंशिक विकारासाठी तपासणी मात्र आवश्यक आहे. हृदयाच्या सार्कोमाचे (हृदयातच उगम पावणाऱ्या कर्करोगाचे) भवितव्य उपचारांनंतरही कठीण असते, आणि ही गोष्ट कुटुंबापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. फुप्फुस, स्तन वा अन्यत्र कर्करोग असलेल्यांत हृदयातील गाठ तिथूनच पसरलेली असू शकते. अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञ आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयातील कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्रित निर्णय घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवावा, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, बहुधा वर्षातून एकदा, इको करावा आणि धाप वा ताप परतल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.