गाडीचे अ‍ॅव्हरेज राखण्यासाठी टायरमधील हवा कशी तपासावी

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा टायरपाशी वाकून विचारतो, "किती टाकू?" आणि आपण स्टिअरिंगवरचा हात न काढता सांगतो, "टाक 35." साताऱ्यात हे मी अनेकदा ऐकले आहे आणि पूर्वी स्वतःही असेच सांगत असे. या एका उत्तरात दोन चुका दडलेल्या असतात. 35 हा आकडा आपल्या गाडीचा असेलच असे नाही, आणि महामार्गावरून आलेल्या गाडीचे टायर त्या वेळी तापलेले असल्यामुळे गेजवर दिसणारा आकडा खरा दाब सांगत नाही.

हवा कमी असली की पेट्रोल जास्त का लागते, हे लहानपणी सायकल चालवलेल्या प्रत्येकाला पायांनी कळलेले असते. टायर फिरताना जमिनीला टेकणारा त्याचा भाग दबतो आणि वर गेल्यावर पुन्हा मूळ आकारात येतो. मात्र दबताना रबराने घेतलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, तिचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. हवा जितकी कमी, तितका टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि ती उष्णता शेवटी आपल्याच टाकीतल्या इंधनातून येते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार चारही टायरमधील सरासरी दाब 1 पीएसआयने (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरला, तर अ‍ॅव्हरेज सुमारे 0.2 टक्क्याने घटते.

हा आकडा लहान वाटतो आणि तो लहानच आहे, म्हणून त्याचा बाऊ न करता हिशेब मांडून पाहावा. महिन्याला 1000 किलोमीटर धावणारी, लिटरला 16 किलोमीटर देणारी गाडी 62.5 लिटर पेट्रोल पिते. तिच्या टायरमध्ये 6 पीएसआय हवा कमी असेल, तर तोटा सुमारे 1.2 टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण लिटर आणि वर्षाला 9 लिटर होतो. पेट्रोल शंभरीपार गेलेले असताना हे 900 रुपयांहून अधिक झाले. माझ्या मते याहून मोठे नुकसान टायरचेच होते, कारण कमी हवेवर चालणारा टायर दोन्ही कडांनी लवकर घासतो, आणि मे महिन्यात भरधाव जाताना असा तापलेला टायर फुटण्याचा धोकाही वाढतो.

आपल्या गाडीचा योग्य आकडा शोधण्यासाठी चालकाच्या बाजूचे दार उघडावे. दाराच्या खांबावर किंवा काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचे दाब, तसेच बहुतेक वेळा कमी माणसे असताना आणि गाडी पूर्ण भरलेली असताना ठेवायचे दाब वेगवेगळे दिलेले असतात. टायरच्या बाजूवर कोरलेला 44 किंवा 51 पीएसआय असा आकडा त्या टायरला सोसणाऱ्या कमाल दाबाचा असतो. तो आपल्या गाडीसाठी सांगितलेला दाब नव्हे, त्यामुळे त्याप्रमाणे हवा कधीही भरू नये.

दाब मोजण्याची वेळ सकाळची. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दीड किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी, कारण स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठीच दिलेला असतो. मी साताऱ्याहून कराडला, म्हणजे सुमारे 50 किलोमीटर जाऊन लगेच मोजले, तर तोच टायर 3 ते 4 पीएसआय जास्त दाखवतो. अशा वेळी हवा जास्त झाली असे समजून ती काढून टाकली, तर टायर निवल्यावर दाब गरजेपेक्षा कमी भरतो. म्हणून तापलेल्या टायरमधली हवा काढू नये, हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

यासाठी एक चांगला गेज स्वतःकडे असावा. तो काही शे रुपयांत मिळतो. पंपावरचे गेज दिवसभर आपटून खराब झालेले असू शकतात. सकाळी घरीच चारही टायर मोजून कोणत्यात किती कमी आहे ते कागदावर लिहून ठेवावे. समजा, पुढच्या डाव्या टायरला 33 हवे आहेत आणि गेज 29 दाखवतो. पंपावर पोहोचेपर्यंत तो टायर तापून 31 दाखवू लागला, तरी आपल्याला 4 च वाढवायचे आहेत, म्हणून तिथे 35 होईपर्यंत हवा भरावी. पंप जवळ असला, तर एवढेही करावे लागत नाही. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हची टोपी पुन्हा घट्ट लावावी, कारण आपल्याकडच्या धुळीत आणि चिखलात ती नसली की व्हॉल्व्हमध्ये कचरा जातो.

नुसत्या नजरेवर विसंबून राहू नये. आताच्या रेडियल टायरची बाजू पुरेशी हवा असतानाही थोडी फुगलेली दिसते, त्यामुळे 5-6 पीएसआयची घट डोळ्यांना कळत नाही. पंक्चर नसले, तरी टायरमधून महिन्याला सुमारे 1 पीएसआय हवा आपोआप झिरपते. त्यातच तापमान दर 5 ते 6 अंशांनी उतरले, की दाब आणखी सुमारे 1 पीएसआयने घटतो. मे महिन्यातल्या 38 अंशांच्या दुपारी बरोबर भरलेला टायर डिसेंबरातल्या 12 अंशांच्या पहाटे केवळ थंडीमुळे साधारण 4 पीएसआय कमी दाखवेल. म्हणून महिन्यातून एकदा, तसेच दिवाळीनंतर थंडी पडू लागताच दाब अवश्य मोजावा.

अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी मुद्दाम जास्त हवा भरणारे अनेकजण भेटतात. जास्त हवेने टायर कमी दबतो हे खरे आहे, परंतु मग तो मधोमध घासतो आणि रस्त्यावरची त्याची पकड कमी होते. पावसात यवतेश्वरच्या घाटातून कासला चढताना किंवा खंबाटकीच्या उतारावर ब्रेक लावताना ही पकडच कामाला येते, म्हणून थोड्या पेट्रोलसाठी ती गमावू नये. गाडीत पाच माणसे आणि सामान घेऊन महाबळेश्वरला जायचे असेल, तर स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला दाब निघण्यापूर्वीच भरून घ्यावा.

नायट्रोजनविषयी नेहमी विचारले जाते. साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये गरज पडल्यास साधी हवा बिनदिक्कत भरावी, कारण नायट्रोजन मिळेपर्यंत कमी दाबावर गाडी चालवणे अधिक तोट्याचे आहे.

फरक पडला का, हे डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा टाकीवरून पाहावे. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवावी आणि पुन्हा तशीच भरताना झालेले किलोमीटर लागलेल्या लिटरने भागावेत. एका टाकीत 1 टक्क्याचा फरक एसी आणि रहदारीत सहज लपतो, म्हणून तीन-चार टाक्यांची सरासरी काढावी.

आणि दर महिन्याला मोजताना एकच टायर इतर तिघांपेक्षा सतत 3-4 पीएसआय जास्त उतरत असेल, तर पुन्हा पुन्हा हवा भरत न बसता व्हॉल्व्हवर आणि टायरच्या नक्षीवर साबणाचे पाणी ओतून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा असाच अनेक आठवडे हवा गळू देतो. पंक्चरवाल्याकडे जाल, तेव्हा स्टेपनीचीही हवा मोजून घ्यावी.