जावा: क्लास शेजारीच, तरी 'कॅनॉट फाइंड सिंबल' (माझा अनुभव)

नाशिकरोडला भाचीच्या विंडोज लॅपटॉपवर द्राक्षबागेच्या हिशोबाचा प्रोग्राम. 'बाग' पॅकेजमध्ये (क्लासेसचा गट, त्याच नावाच्या फोल्डरात) 'हिशोब'च्या शेजारीच 'घड' क्लास, तरी कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) म्हणे 'कॅनॉट फाइंड सिंबल', म्हणजे हे नाव सापडत नाही. जेडीके (जावाचं प्रोग्रामिंग किट) पुन्हा टाकलं, नावं तपासली, फरक शून्य. डोकं उठलं होतं.

कारण: कुठल्याशा जुन्या सॉफ्टवेअरने 'क्लासपाथ' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमध्ये साठवलेली सेटिंग; यात जावाने क्लास कुठे शोधायचे त्या जागांची यादी असते) भरून ठेवलेलं. ते नसेल तरच जावा आपणहून चालू फोल्डरमध्ये (कमांड विंडो ज्या फोल्डरात आहे तिथे) शोधतं.

आधी 'इको %क्लासपाथ%' ने खात्री केली. मग व्हेरिएबल काढलं (इतर कशाला ते लागत असेल, तर त्याच्या शेवटी अर्धविराम आणि टिंब जोडा; टिंब म्हणजे चालू फोल्डर). नवी कमांड विंडो उघडली. जुनीला बदल कळत नाही. 'बाग'च्या आत नव्हे, एक पायरी वरच्या फोल्डरमधून: 'जावासी बाग\हिशोब.जावा', नंतर 'जावा बाग.हिशोब'. पहिल्यात तिरकी रेघ, दुसऱ्यात टिंब.