लुआच्या पॅकेजमध्ये मॉड्यूल सापडेना: माझा अनुभव

अल्पाइन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लुआ ५.३ या प्रोग्रॅमिंग भाषेचं पॅकेज (इन्स्टॉल करायचा तयार संच) बांधलं. इंटरप्रिटर (लुआचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) झकास चालला, पण ‘रिक्वायर’ने मॉड्यूल (कोडची वेगळी फाइल) मागवलं की ते सापडेना. फाइल तर ‘/यूएसआर/शेअर/लुआ/५.३’ मध्ये डोळ्यांसमोर होती! अशा वेळी लुआ शोधलेले सगळे पत्ते एररमध्येच छापते, ते जरूर वाचा. चालू फोल्डर सोडला तर सगळे ‘/यूएसआर/लोकल’चे निघाले. बिल्डच्या सूचना असलेल्या मेकफाइलमधलं ‘इन्स्टॉल_टॉप’ फक्त फाइली कुठे ठेवायच्या ते ठरवतं. शोधायचा पत्ता ‘लुआकॉन्फ.एच’ या लुआच्या सेटिंग्जच्या फाइलमधल्या ‘लुआ_रूट’वरून बायनरीतच (बिल्ड होऊन तयार झालेल्या प्रोग्रॅममध्येच) पक्का बसतो. छोटा पॅच (सोर्स कोडमधला बदल) लावून तो ‘/यूएसआर/’ केला, पुन्हा बिल्ड केलं आणि मॉड्यूल लोड झालं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनेही (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगनेही) भागलं असतं, पण ते ओझं प्रत्येक वापरणाऱ्यावर का टाकायचं? सी भाषेमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलचा पत्ताही याच पॅचने सुधारतो.