शोधप्रकल्पाचे नियम बदललेत? विषय ठरवण्याआधी एवढं उरका

बदललेले नियम आपल्या तुकडीला लागू आहेत का, हे आधी पाहा. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ते बहुधा प्रवेशाच्या वर्षावरून ठरतं. मात्र मध्ये खंड पडला असेल किंवा पुन्हा प्रवेश घेतला असेल तर विभागाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या, ईमेलही चालेल. सीनियरचा प्रबंध मांडणी बघायला ठीक आहे, नियमांसाठी नको.

मग जुनी आणि नवी नियमावली शेजारी ठेवून श्रेयांक (क्रेडिट), शब्दमर्यादा, गुणांची विभागणी आणि टप्प्यांच्या तारखा ताडून बघा. श्रेयांक वाढले की तास वाढतात. युरोपच्या पद्धतीत एका श्रेयांकाला २५ ते ३० तास धरतात, म्हणजे १५चे २० श्रेयांक झाले तर किमान १२५ तासांची भर. शब्दमर्यादेत संदर्भसूची, तळटीपा आणि परिशिष्टं मोजतात का, हे विचारून घ्या. प्रगती अहवालाला नव्याने गुण ठेवले असतील, तर गाईडसोबतच्या प्रत्येक बैठकीची तारीखवार नोंद त्याच दिवशी लिहा. शेवटच्या आठवड्यात एका शाईत भरलेली वही परीक्षकांना लगेच ओळखू येते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नीतिसमितीच्या, म्हणजे संशोधनात सहभागींचं हित जपलं जातंय का हे पाहणाऱ्या समितीच्या, मंजुरीत. माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर मंजुरी आधी आणि प्रश्नावली वाटणं नंतर. गोळा करून झालेल्या माहितीला मागाहून मंजुरी मिळत नाही, ती माहिती सहसा बाद होते. अर्जासोबत आराखडा, सहभागींसाठीचं माहितीपत्रक, संमतिपत्र, प्रश्नावलीची अंतिम प्रत आणि माहिती कुठे, किती काळ ठेवणार याची योजना लागते. संस्थेत जाऊन माहिती घेणार असाल तर तिथलं परवानगीपत्रही हवं. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा क्षुल्लक कारणांनी: संमतिपत्राची भाषा सहभागींना न कळणारी, किंवा आराखड्यात एक नमुनासंख्या (किती जणांकडून माहिती घेणार तो आकडा) आणि अर्जात दुसरी. समितीच्या बैठका ठरलेल्या तारखांना होतात, एक हुकली की पुढचीपर्यंत थांबा. म्हणून सादरीकरणाच्या तारखेपासून उलटं मोजत या आणि एक दुरुस्तीची फेरी धरूनच चाला.

नमुनासंख्येचं गणित आराखड्यातच दाखवा. समष्टी, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा तो सगळा गट, ६०० जणांची, विश्वासपातळी (निष्कर्षाची खात्री) ९५ टक्के आणि त्रुटी (आकडा इकडेतिकडे होण्याची मुभा) ५ टक्के धरली तर २३४ उत्तरं लागतात. दहातले सहाच जण उत्तर देतील असं वाटत असेल तर ३९० जणांना विचारावं लागेल. तेवढे लोक गाठता येत नसतील तर विषय आत्ताच आवळा. प्रश्नावली आधी दहा-पंधरा जणांवर तपासून घ्या. मंजुरीनंतर प्रश्न बदलला तर समितीला पुन्हा कळवावं लागतं.

प्रकल्प गटाचा असेल तर कोणाचं काम कोणतं, हे पहिल्याच आठवड्यात लिहून सह्या घ्या. साधर्म्य तपासणीची (मजकूर दुसरीकडून उचललाय का हे पाहणाऱ्या तपासणीची) मर्यादा किती, अवतरणं आणि संदर्भसूची वगळून मोजतात का, हेही विचारा. आकडा मर्यादेत असला तरी एकच सलग परिच्छेद उचललेला दिसला तर तो अडकतोच. एआय साधनांच्या वापराचं निवेदन मागितलं असेल तर कोणतं साधन कशासाठी वापरलं याची टिपणं सुरुवातीपासून ठेवा, नंतर आठवून लिहिणं जमत नाही.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. सहभागींची नावं असलेली यादी मात्र वेगळी, पासवर्डखाली. ती सर्वांना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली तर संमतिपत्रात दिलेला शब्दच मोडतो.