गाडी टोचन करताना या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या गॅरेजकडे तीच वरात येते. पुढे ट्रॅक्टर, मागे कार, मधात बैलगाडीचं दोरखंड आणि बाजूने सल्ले देत चालणारे चार जण. गाडी बंद पडली ते कारण बहुतेक वेळा किरकोळ निघतं. ओढताना जे मोडलं, त्याचंच बिल मोठं होतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते मागच्या गाडीत बसणाऱ्यामुळे. “इंजिन तं बंदच हाय, चावी काढून घेतो न!” चावी काढली की स्टेअरिंग लॉक होतं आणि पहिल्याच वळणावर गाडी नालीत जाते. चावी ‘ऑन’वरच ठेवा.

चावी राहिली तरी ब्रेकचं काय, हे कोणी विचारत नाही. पेडलचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद असताना साठलेल्या व्हॅक्यूमवर पेडल दोन-तीनदा नीट दबतं, पुढे घट्ट होतं. ब्रेक लागतात, पण सगळा जोर लावून दाबावं लागतं. पॉवर स्टेअरिंगही तसंच जड.

काही पोट्टे चिखलदऱ्याहून उतरत होते. घाटातच गाडीतला इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप गेला. नेटवर्क नाही, एका जीपवाल्याने माणुसकीने दोर बांधला. तासभर थांबून क्रेन बोलवायची तर यांना घरी जायची घाई. मागच्याने पहिल्या उतारावर तीनदा ब्रेक मारला, चौथ्यांदा पेडल दबेना. घाबरून गाडी जीपच्या पाठीवर. बोनेट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, सगळं गेलं. “काका, ब्रेक फेल झाले,” म्हणत माझ्याकडे आले. मी चाकं खोलून पाहिली, ब्रेक ठणठणीत होते! मुळात दोर फक्त ओढतो, मागून येणाऱ्या गाडीला अडवत नाही. उतार असेल तर दोन्ही टोकांना पिन असलेला लोखंडी टोचन रॉड लावा, नाही तर क्रेनची वाट पाहा. दोराने घाट उतरवायला मी कोणालाच हो म्हणत नाही, कितीही चिडले तरी.

बांधायची जागा. बंपरला नाही, सस्पेन्शनच्या आर्मला तर मुळीच नाही. स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये आटे असलेला हुक असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत पूर्ण फिरवून बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणून जबरदस्ती करू नका. हा हुक सपाट रस्त्यावर ओढण्यापुरता आहे. काळ्या मातीच्या पांदणीत चेसिसपर्यंत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने हिसका देऊन काढायला गेलात तर तो गोळीसारखा उडतो. आधी चाकांपुढची माती खोदा, तुराट्या टाका, मग सावकाश ओढा.

दोराला गाठी मारू नका. गाठीपाशी तो कमजोर होतो आणि नंतर विळ्यानेच कापावा लागतो. शिवलेल्या टोकांचा नायलॉन पट्टा आणि दोन डी-शॅकल (इंग्रजी D सारख्या लोखंडी कड्या) एवढंच मी गाडीत ठेवतो. साखळी नको, ती जराही लांबत नाही. दोराच्या मधात ओलं पोतं टाका. दोर तुटला तर अंगावर यायचा धोका कमी होतो, आणि वर लाल फडकं बांधलं की मागच्या-पुढच्यांना दिसतो.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढूच नका. गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद तर आतले भाग कोरडे घासतात. पुढची चाकं ओढणारी गाडी पुढून उचलून न्या, चारही चाकं ओढणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) असेल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर. एएमटीचा, म्हणजे क्लच-गिअर मशीनच बदलते त्या गाडीचा, गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, पण बॅटरी उतरली की तो लागलेल्या गिअरमध्ये अडकून राहतो. आधी न्यूट्रल झालाय का, ते हाताने ढकलून पाहा. इलेक्ट्रिक गाडीची मोटर चाकाबरोबर फिरते, तिच्यासाठीही फ्लॅटबेडच.

दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरच्या आत, नियमही तेच सांगतो. मागे लायसन असलेला माणूस बसवा, “माहा भाचा बसते” चालणार नाही. वेग २५च्या वर नको. रात्री ओढू नका.

पुढच्याने क्लच हळू सोडून दोराचा ढिलेपणा काढायचा, मागच्याने हलका ब्रेक ठेवून दोर ताणलेला ठेवायचा. थांबायचं असेल तर दोन हॉर्न, हे निघण्याआधी ठरवा.

आणि पोहोचल्यावर हुक काढून टूलकिटमध्ये टाका. तो बंपरला तसाच लावून महिनोन्‌महिने मिरवणारे आहेत, बाजारात लोकांच्या नडग्या फुटतात.