घरची आइस्ड कॉफी बिघडते कुठे? या चुका टाळा

घरी केलेल्या गोड आइस्ड कॉफीबद्दलची तक्रार बहुधा एकाच वळणाची असते. पहिला घोट कडू लागतो, मधले घोट पाणचट होतात आणि शेवटी ग्लासाच्या तळाशी न विरघळलेली साखर चमच्याखाली वाळूसारखी करकरते. मग दोष कॉफीच्या पावडरीला दिला जातो, पुढच्या खेपेस दुसरी पावडर आणली जाते आणि ग्लासातला प्रकार मात्र होता तसाच राहतो. गरम कॉफी निवली की तिची आइस्ड कॉफी होते, असे आपण नकळत धरून चालतो, तिथेच गाडी रुळावरून घसरते. थंड पेयात साखर फार सावकाश विरघळते, थंड जिभेला गोडवा कमी जाणवतो आणि ग्लासात टाकलेला बर्फ हे थोड्या वेळाने सामील होणारे पाणीच असते. पुढे दिलेल्या बहुतेक चुका या तीन गोष्टी ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

बर्फाचा हिशेब न धरणे

कॉफी पाणचट होण्याचे मुख्य कारण हेच आहे आणि ते आकड्यांत पाहिले की चटकन पटते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरवायचे तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढावी लागते. उलट शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. फ्रीझरमधला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असल्याने तो आणखी थोडी उष्णता घेतो. या हिशेबाने ९० अंशांची १०० ग्रॅम कॉफी ५ अंशांपर्यंत आणताना जवळजवळ ९० ग्रॅम बर्फ वितळून जातो, म्हणजे नेहमीच्या चवीची गरम कॉफी बर्फावर ओतली की ती निम्म्याने पातळ होते. तीच कॉफी आधी २५ अंशांपर्यंत निवलेली असेल, तर २० ग्रॅमांहून थोडा अधिक बर्फ वितळून काम भागते.

यातून दोन वाटा निघतात. पहिली वाट अशी की, वितळणारा बर्फ हा पाण्याचाच भाग समजून कॉफी तेवढी दाट काढायची. फिल्टरने कॉफी काढत असाल आणि २० ग्रॅम दळलेल्या कॉफीला एरवी ३०० ग्रॅम पाणी वापरत असाल, तर १८० ग्रॅम गरम पाणी वरून ओतावे आणि १२० ग्रॅम बर्फ खालच्या भांड्यात आधीच ठेवावा. कॉफी थेंबाथेंबाने बर्फावर पडते, जागच्या जागी थंड होते आणि जवळपास सगळा बर्फ वितळून चव जिथे असायला हवी तिथे येऊन थांबते. पाणी कमी असल्यामुळे अर्क कमी उतरण्याचा संभव असतो, म्हणून दळण नेहमीपेक्षा किंचित बारीक घ्यावे. माझ्या मते घरच्या घरी सुगंध राखण्याची ही सर्वांत चांगली रीत आहे. पिण्यासाठीचा बर्फ मात्र ग्लासात वेगळा घ्यावा.

दुसरी वाट म्हणजे कॉफी आधी निववून घेणे. इथे होणारी चूक अशी की, सकाळची उरलेली कॉफी दिवसभर ओट्यावर किंवा मंद आचेवर ठेवून संध्याकाळी तिच्यात बर्फ घातला जातो. कॉफी बराच वेळ गरम राहिली की तिच्यातील क्लोरोजेनिक आम्लाशी संबंधित संयुगे फुटत जातात, क्विनिक आम्ल वाढते आणि आंबट, घशाला बोचणारी चव येते. ती चव कितीही साखर घातली तरी झाकली जात नाही. त्यापेक्षा ताज्या कॉफीचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून दहा-पंधरा मिनिटांत निववावे, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवावे.

बर्फाबाबत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बारीक चुरा चटकन वितळतो, मोठे खडे सावकाश वितळतात, कारण त्याच वजनाला त्यांचा उघडा पृष्ठभाग कमी असतो. कॉफीचेच खडे गोठवून वापरण्याची युक्तीही चांगली आहे, फक्त ती कॉफी बिनसाखरेची असावी. साखर घातलेले खडे मऊ गोठतात आणि लवकर वितळतात. उघड्या ट्रेमधील बर्फाला फ्रीझरमधल्या इतर पदार्थांचा वास लागतो आणि कॉफीत तो लपत नाही.

साखर थेट थंड कॉफीत घालणे

थंड पाण्यात साखर मावत नाही, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळू शकते. अडचण आहे ती वेगाची. थंडीत ती इतकी हळू विरघळते की, तोवर कॉफी पिऊन झालेली असते. त्यामुळे साखर एकतर गरम कॉफीतच विरघळवून घ्यावी किंवा साखरेचे साधे सरबत, म्हणजे पातळ पाक, करून ठेवावे. समान वजनाची साखर आणि पाणी घेऊन ते मिश्रण पारदर्शक होईपर्यंतच तापवावे आणि उतरवावे. ते उकळत ठेवून दाट करण्याचा मोह होतो, पण पाणी आटले की फ्रिजमध्ये बाटलीच्या तळाशी खडे धरतात. लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घातले तर साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विभागला जातो आणि खडे धरण्याची भीती कमी होते. स्वच्छ बाटलीत हे सरबत फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे चांगले राहते; ते गढूळ झाले किंवा त्याला आंबूस वास आला, तर टाकून द्यावे.

अशा १५ मिलिलिटर सरबतात साधारण ९ ग्रॅम, म्हणजे चहाच्या दोन सपाट चमच्यांइतकी साखर असते. मोठ्या ग्लासाला तेवढ्यावर सुरुवात करावी आणि नंतर वाढवावे. हा आकडा लक्षात ठेवण्याचे कारण वेगळेही आहे: सरबत ओतताना चमच्यांची मोजदाद राहत नाही आणि ‘अजून थोडे’ म्हणता म्हणता एका ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज जाते.

गोडवा नेमका कधी चाखायचा, हेही महत्त्वाचे आहे. जिभेवरील चवपेशींत टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी (पेशीच्या आवरणातील प्रथिनाचा सूक्ष्म मार्ग) गोडव्याचा संदेश पुढे पाठवण्याच्या कामी येते आणि थंडीत तिचा प्रतिसाद मंदावतो. गरम असताना अगदी बरोबर लागलेली कॉफी बर्फ घातल्यावर अळणी वाटते ती यामुळे, शिवाय बर्फाचे पाणीही त्यात मिसळलेले असते. म्हणून कॉफी गरम असताना नेहमीपेक्षा थोडी जास्त गोड लागायला हवी आणि अंतिम चव पूर्ण थंड झाल्यावरच ठरवायला हवी. याला एक गमतीदार अपवाद आहे: फ्रुक्टोज थंड असताना अधिक गोड लागते, त्यामुळे मध थंड कॉफीत अपेक्षेपेक्षा पुढे जातो. तो थेट घातल्यास थिजून तळाशी चिकटतो; समान कोमट पाण्यात सैल करून मगच घालावा. गोड कंडेन्स्ड मिल्क वापरणाऱ्यांनी त्यात जवळपास निम्मी साखरच असते हे विसरू नये. ते गरम कॉफीत ढवळून घ्यावे आणि सरबत त्या मानाने कमी करावे किंवा घालूच नये.

सुगंध चुकीच्या वेळी आणि चुकीच्या रूपात घालणे

पहिल्यांदा व्हॅनिलाचे सरबत केले तेव्हा मी उत्साहाने उकळत्या पाकातच व्हॅनिलाचा अर्क ओतला होता. घरभर दरवळ सुटला, सगळ्यांनी विचारणा केली आणि कॉफीत मात्र व्हॅनिला औषधालाही सापडला नाही. जो वास हवेत गेला, तो बाटलीत राहणार कसा? अर्क मद्यार्कात विरघळवलेला असतो आणि उष्णतेने त्यातील सुगंध उडून जातो. पाक आचेवरून उतरवून कोमट झाल्यावर अर्क घालावा. २०० मिलिलिटर सरबताला एक ते दीड चहाचा चमचा पुरतो.

दालचिनीचे गणित नेमके उलटे आहे. तिची पूड थंड कॉफीत विरघळत नाही, आधी वर तरंगते आणि नंतर ओली होऊन बुळबुळीत गोळे धरते. तिच्यासाठी अख्खी काडी गरम सरबतात टाकून, झाकण ठेवून, अर्धा तास मुरू द्यावी आणि मग गाळून घ्यावे. कोकोमध्ये स्निग्धांश असल्याने तो थंड दूध दूरच लोटतो आणि पृष्ठभागावर कोरड्या गुठळ्या तरंगत राहतात. एक चमचा कोको, एक चमचा साखर आणि दोन चमचे कडकडीत पाणी एकत्र घोटावे. घोटता घोटता त्याला चकाकी येते आणि चमचा उलटा धरला तरी मिश्रण सलग धारेने उतरते. तेवढे झाले की ते कशातही मिसळते. जाड कॅरामल सॉस बर्फाला लागताच ग्लासाच्या भिंतीला चिकटून घट्ट होतो, म्हणून तोही आधी गरम कॉफीत मिसळावा. कॅरामल घरी करत असाल, तर तापलेल्या साखरेत थंड पाणी कधीही ओतू नये. ते जोरात उसळते आणि हात भाजतो. पाणी गरम असावे आणि थोडे-थोडे घालावे.

व्हॅनिला, कॅरामल, हेझलनट आणि दालचिनी असे चारही सुगंध एकाच ग्लासात घालणाऱ्यांचे नाकापेक्षा मोती जड होते. एक मुख्य सुगंध आणि फार तर एक जोडीदार, इतके पुरे. कॉफी मुळात फिकट असेल तर कोणताही सुगंध तिला दाबून टाकतो. गोड पेयासाठी मध्यम ते गडद भाजलेली कॉफी घेतलेली बरी.

दोन प्रकारच्या पावडरींत गल्लत

आपण दोन्हींना कॉफी पावडरच म्हणतो, पण इन्स्टंट पावडर पूर्ण विरघळते आणि दळलेल्या बियांची पावडर कधीही विरघळत नाही, ती गाळावीच लागते. इन्स्टंट पावडर बारा तास भिजवून काही साधत नाही आणि दळलेली कॉफी दुधात ढवळून दातांत कचकच येते. इन्स्टंट वापरताना दोन चहाचे चमचे पावडर ६० मिलिलिटर गरम पाण्यात आधी विरघळवावी, मग सरबत, मग बर्फ आणि शेवटी १०० मिलिलिटर थंड दूध. थंड पाण्यात रात्रभर मुरवायची असेल, तर जाडसर दळलेली कॉफी वजनाच्या आठपट पाण्यात १२ ते १६ तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि गाळावी. दळण बारीक असल्यास गाळ निघत नाही आणि कडवटपणा उतरतो.

दूध फाटणे

दुधातील केसीन हे प्रथिन सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या सुमारास एकत्र गोळा होते. कॉफीचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे अंतर फारसे नाही. दूध शिळे असेल, कॉफी आंबट आणि गरम असेल किंवा फळांचे आंबट सरबत घातले असेल, तर पांढऱ्या कण्या दिसू लागतात. कॉफी आधी थंड करावी आणि ताजे थंड दूध सर्वांत शेवटी घालावे. सोया आणि बदामाचे दूध अधिक लवकर फाटते. दूध घातलेली कॉफी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

ग्लास भरल्यावर चूक लक्षात आली तर

कॉफी पाणचट झाली असेल, तर अर्धा चमचा इन्स्टंट पावडर चमचाभर गरम पाण्यात विरघळवून ती धार ग्लासात सोडावी. कोरडी पावडर वरून भुरभुरवू नये. फार गोड झाली, तर दूध वाढवण्यापेक्षा बिनसाखरेची दाट कॉफी घालावी, कारण दुधाने गोडवा कमी होण्याआधी कॉफी हरवते. कडूपणा खुपत असेल, तर मिठाचे अगदी चार-पाच कण घालून पाहावे. त्याने कडवटपणा मवाळ होतो, पण चिमूटभर मीठ घातले तर खारट होईल. वरचा थर फिका आणि तळ अतिगोड असेल, तर सरबत कॉफीपेक्षा जड असल्याने खाली बसलेले असते. लांब चमच्याने तळापासून वर उचलत ढवळावे, नाहीतर स्ट्रॉने पिणाऱ्याच्या वाट्याला आधी नुसता पाक येतो. मिक्सरमध्ये फेटून घ्यायचे असेल, तर गरम कॉफी बंद भांड्यात कधीही फिरवू नये; वाफेच्या दाबाने झाकण उडते. तसेच साध्या काचेच्या थंडगार ग्लासात उकळती कॉफी ओतू नये. काच तडकते, आणि मग त्या कॉफीचा एक थेंबही वाचवण्याचा प्रयत्न करू नये.